घोटा बरा होतो तो कसा?

चालणारा माणूस आपल्या पावलाचा विचार करीत नाही. तो विचार मी गेल्या पावसाळ्यापासून रोज करीत आहे. आमच्या रामवाडीला शेताच्या बांधावरून पाय घसरून माझा उजवा घोटा मोडला व शस्त्रक्रिया करून तेथे पट्टी आणि स्क्रू बसवावे लागले. आमच्या घरातून कॉलेजात येणारी मी पहिलीच. त्यामुळे 'पाय बरा होईल का?' या प्रश्नापाठोपाठ 'शिक्षण पुढे चालेल का?' हाही प्रश्न घरात उभा राहिला. डॉक्टरांना विचारून आणि मैत्रिणींनी ग्रंथालयातून आणून दिलेली पुस्तके वाचून जे उमगले, ते येथे मांडीत आहे.

नडगीचे जाड हाड आणि त्याच्या बाहेरच्या अंगाचे बारीक हाड, या दोहोंच्या खालच्या टोकांची मिळून एक खोबण होते. घोट्याला दोन्ही बाजूंनी हाताला लागणारे उंचवटे ती हीच टोके. या खोबणीत पावलाचे सर्वांत वरचे हाड बसते. रॅम्से आणि हॅमिल्टन यांनी १९७६ साली दाखवून दिले की, हे हाड बाहेरच्या बाजूला केवळ एक मिलिमीटर सरकले, तरी सांध्यात एकमेकांना टेकणारा भाग सरासरी ४२ टक्क्यांनी घटतो. सरकलेला घोटा शस्त्रक्रियेने जागेवर बसवतात, तो यासाठीच.

पण पट्टी हाड सांधत नाही. ती तुकडे फक्त धरून ठेवते. सांधण्याचे काम शरीरच करते, आणि त्याला साधारणपणे सहा ते बारा आठवडे लागतात. आपल्या सुश्रुतसंहितेतही याचा हिशेब आहे : लहान वयात एक महिना, मध्यम वयात त्याच्या दुप्पट आणि म्हातारपणी तिप्पट. मोडलेल्या अवयवाला बांधण्यासाठी उंबर, पिंपळ, पळस, वड यांच्या साली घ्याव्यात, असेही त्यात सांगितले आहे. प्लॅस्टरची पट्टी मात्र अलीकडची; ती मॅथिसेन या डच लष्करी शल्यवैद्याने १८५१ च्या सुमारास तयार केली. पेणच्या गणपतींच्या कारखान्यांत जी पांढरी पावडर दिसते, तीच माझ्या पायावर चढली होती!

खरी परीक्षा प्लॅस्टर निघाल्यावर सुरू होते. हाड सांधलेले असते, तरी दुखते. याचे कारण असे की, पोटरीचे स्नायू आवळले-सैलावले म्हणजे पायातले रक्त वर ढकलले जाते. ते स्नायू न वापरल्याने बारीक झालेले असतात, म्हणून पाय खाली सोडला की सुजतो. ही संध्याकाळची सूज कित्येक महिने राहू शकते. त्यावर उपाय साधाच : पाय उशांवर, छातीपेक्षा उंच ठेवून पडणे. माझे इतिहासाचे वाचन असेच झाले. आखडलेल्या सांध्यासाठी अंगठ्याने हवेत अक्षरे गिरवायची. मी 'अ' पासून 'ज्ञ' पर्यंत गिरवीत असे. जिना चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, जखमेतून पू आला किंवा बोटे बधिर पडली, तर मात्र घरगुती उपाय न करता तत्काळ डॉक्टर गाठावा. पोटरी दुखत असतानाच धाप लागली, तर क्षणाचाही विलंब नको.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. सपाट जमिनीवर चालण्यापेक्षा उकिडवे बसण्यासाठी घोटा पुष्कळ जास्त वाकावा लागतो. आणि आपले तर शौचाला बसणे, भात लावणे, चुलीशी बसणे, सगळे घोट्यावरच! आई पोह्याचे पापड लाटता लाटता मला 'चालतेस का?' असे विचारीत नाही. 'उकिडवी बसतेस का, बाय?' असे विचारते. तिच्या प्रश्नात माझ्या बरे होण्याचे खरे माप आहे. अजून टाच पूर्ण टेकत नाही, पण महिन्यापूर्वीपेक्षा दोन बोटे खाली आली आहे.

सुधारणा रोज दिसत नाही. ती महिन्याने मोजावी. म्हणून वर्गात कोणी कुबड्या घेऊन आला, तर 'अजून बरा नाही का?' असे विचारू नका. त्याला दाराजवळचा बाक द्या आणि बुडलेल्या तासांची वही द्या. हाड आपल्या वेळेने सांधेल; तेवढ्यात त्याचे वर्ष मोडू नये, एवढे आपल्या हाती आहे.