बावड्यात समुद्र
कसबा बावड्याला पंचगंगा जवळ, समुद्र मात्र घाटाखाली. म्हणून समुद्री माशांच्या टाकीसाठी पाणी घरीच खारं करायचं. १०० लिटर आरओच्या पाण्याला साधारण ३.५ किलो मरीन सॉल्ट लागतं. स्वयंपाकाचं मीठ मुळीच नको. मग ४ ते ६ आठवडे मासा न सोडता थांबा. अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर वसू द्या. हे थांबणं जिवावर येतं, पण घाई केली की मासे मरतात. काचेवर तपकिरी थर धरला तर घाबरू नका. उन्हाळ्यात पाणी उडतं, मीठ तसंच राहतं. भर गोड्या पाण्याचीच घाला. आणि प्रवाळ? कठीण प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२चं संरक्षण आहे. मालवणच्या किनाऱ्यावरून तुकडाही उचलू नका. हॅचरीत वाढलेली क्लाउनफिशची जोडी आणा.