बाळंतपणात तुमचं काय काम?

पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरली की गाडी पुढे सरकत नाही. नेमक्या त्याच रात्री वहिनीला कळा सुरू झाल्या तर? ‘ते बायकांचं काम’ म्हणत तुम्ही बाजूला होणार?

तयारी आत्ताच करा. १०८ आणि आशाताईंचा नंबर सेव्ह करा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं, नेणं-आणणं २०११ पासून मोफत आहे. रिपोर्ट, आधार कार्ड, बाळाचे स्वच्छ कपडे एका पिशवीत भरून ठेवा.

मनाचीही तयारी लागते. भीतीनं अंग आखडतं, दुखणं वाढतं. डॉक्टरांना विचारून रोज तिच्यासोबत थोडं चाला. सावकाश श्वास घ्यायचा, त्याहून सावकाश सोडायचा, हा सराव दोघं मिळून करा.

एक कळ सुरू झाल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंतची वेळ मोबाइलवर लिहा. पण रक्त गेलं, पाणी गेलं, डोकं ठणकून अंधारी आली, बाळाची हालचाल कमी वाटली, तर मोजत बसू नका. लगेच निघा.

२०१६ पासून सरकारी दवाखान्यात प्रसूतीच्या वेळी घरची एक अनुभवी बाई सोबत राहू शकते. कोण हवं, हे सासूबाईंना नको, वहिनीलाच विचारा. आजच!