विमानामागचे अदृश्य भोवरे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

तेलगावच्या शिवारातून वर पाहणाऱ्याला विमानामागची पांढरी रेघ दिसते, आणि मुंबईत धावपट्टीच्या तोंडाशी खोळंबलेल्या प्रवाशाला केवळ दिरंगाई दिसते. परंतु या दोघांनाही न दिसणारी हवेची एक खळबळ विमानाविमानांतील अंतर मुक्रर करीत असते.

गैरसमज : पांढरी रेघ हीच ती खळबळ.
वस्तुस्थिती : ती रेघ म्हणजे इंजिनातून बाहेर पडलेल्या बाष्पाचे हिमकण होत. भोवरे उपजतात ते पंखांच्या टोकांशी; पंखाखालची अधिक दाबाची हवा टोकाला वळसा घालून वरच्या उण्या दाबाकडे धावते, आणि परस्परविरुद्ध फिरणारे दोन भोवरे मागे राहून हळूहळू खाली उतरू लागतात.

गैरसमज : विमान जितके वेगवान, तितका भोवरा प्रबळ.
वस्तुस्थिती : विमान जितके जड व संथ, तितका तो प्रबळ, म्हणूनच जेथे गती मंदावते त्या विमानतळाच्या परिसरातच अधिक खबरदारी लागते.

गैरसमज : अंतर सर्व विमानांना सारखेच असते.
वस्तुस्थिती : आंतरराष्ट्रीय नियमांत विमानांचे वर्ग वजनावरून पाडले आहेत : ७ टनांपर्यंत हलके, १३६ टनांपासून पुढे जड, मधले मध्यम. उतरताना जड विमानामागे जड विमानाने ४, मध्यमाने ५ व हलक्याने ६ सागरी मैल राहावे, असा दंडक आहे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्याने त्या एकाच वेळी वापरता येत नाहीत. त्यामुळे जड बोइंग ७७७ च्या मागे मध्यम एअरबस ए३२० आले, तर सोडावे लागणारे ते ५ सागरी मैल, म्हणजे सुमारे ९ किलोमीटर, साऱ्या रांगेला जाणवतात.

गैरसमज : वारा पडलेला असला म्हणजे भय नाही.
वस्तुस्थिती : जोराचा वारा भोवरे मोडतो, शांत हवेत ते रेंगाळतात; आणि मंद आडवा वारा तर त्यांतील एकाला धावपट्टीवरच थोपवून धरू शकतो.

गैरसमज : उंच आकाशात हा प्रश्नच नाही.
वस्तुस्थिती : ७ जानेवारी २०१७ रोजी अरबी समुद्रावर समोरून आलेल्या ए३८० या महाकाय विमानाच्या १,००० फूट खालून गेलेले चॅलेंजर ६०४ हे छोटे जेट त्याच्या भोवऱ्यात सापडून उलटेपालटे झाले व सुमारे ९,००० फूट खाली आले, वैमानिकांनी ते मस्कतला सुखरूप उतरवले, तरी प्रवासी जखमी झाले आणि विमान कायमचे निकामी ठरले.

जड विमान उडाल्यावर मागच्या लहान विमानाला दोन मिनिटे थांबविण्याची तजवीज आहे ती याच कारणास्तव; त्या दोन मिनिटांत हयगय नसते, तर आपल्या जिवाची काळजी असते.