सहा नळ

‘रंगवलेल्या भिंती पुष्कळ छापल्या, आता फारसा पैसा नसताना सुधारलेली शाळा बघा,’ असं संपादकांनी सांगितलं. म्हणून अकोले तालुक्यातल्या एका वाडीवर गेले. जिल्हा परिषदेची शाळा, चौथीपर्यंत. दोन खोल्या, दोन शिक्षक, चोवीस मुलं. शाळेचा इतिहास गुरुजींनी पाच मिनिटांत उरकला. माझं लक्ष व्हरांड्याजवळच्या नळांवरच होतं.

दगडी ओट्यावर प्लास्टिकची टाकी, तिच्यातून निघालेला आडवा पाइप आणि त्याला सहा नळ. दोन नळ पहिलीच्या मुलांचा हात पोचेल इतके खाली. आधी टाकी जमिनीलगत होती, तेव्हा शेवटच्या नळांना धारच लागत नसे. मग पालकांनी श्रमदानातून ओटा उंच केला. पाइपाच्या टोकाला फिरकीचं बूच आहे. ते काढलं की साचलेला गाळ वाहून जातो. हात धुतलेलं पाणी चारीतून परसबागेत जातं आणि तिथली मेथी दुपारच्या आमटीत पडते. इतका नेटका विचार मला पुण्यातल्या कित्येक शाळांत दिसलेला नाही.

टाकी भरतात त्या स्वयंपाकी ताई. हापशावरून हंडे आणायचे, मग भात शिजवायचा. ‘पोरं हात न धुता ताटावर बसली तर मलाच गिळवत नाही,’ त्या म्हणाल्या. त्यांचं मानधन महिन्याला २,५०० रुपये. पाणी भरण्याचे वेगळे पैसे नाहीत.

मार्चनंतर हापसा आटतो. मग टाकी एक दिवसाआड भरते आणि स्वच्छतागृहाला कुलूप लागतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं आणि पिण्याचं पाणी बंधनकारक केलं. इथे स्वच्छतागृहं उभी आहेत, पाणी नाही. तीस मुलांपर्यंतच्या शाळेला संयुक्त शाळा अनुदान मिळतं वर्षाला १०,००० रुपये. खडू, डागडुजी, वीजबिल सगळं त्यातच बसवायचं आणि किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्चायचे. बोअरवेलचा विषय शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत दर वेळी निघतो आणि पैशापाशी थांबतो.

त्यात पटाची धास्ती. शिक्षण विभागाने २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार पुढे आणला. इथली पाच कुटुंबं जरी ऊसतोडीला मुलांसह गेली, तरी हा आकडा गाठला जातो. शाळा हलली तर सहा वर्षांच्या मुलांना ओढा ओलांडून जावं लागेल. हे मला मान्य नाही.

तुमच्या गावच्या शाळेला काही द्यायचं मनात असेल, तर एप्रिलमध्ये जा. आधी टाकीत पाणी आहे का बघा, टीव्ही संच मग द्या.