गादीचा कडकपणा आणि झोपेची कूस

सुरतजवळच्या कडोदऱ्यात कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांत तासन्‌तास उभे राहून राबणाऱ्या कामगारांसाठी, ज्यांत खानदेशातून आलेली मराठी माणसेही आहेत, पाठीची विश्रांती ही चैन नव्हे. गादीचा कडकपणा, म्हणजे भाराखाली न दबण्याची तिची क्षमता, झोपण्याच्या पद्धतीनुसार ठरवावा लागतो. कुशीवर झोपणाऱ्याचा भार खांदा आणि नितंब यांवर एकवटत असल्याने कडक पृष्ठावर तेथे दाब वाढतो व कमरेखाली पोकळी उरते, म्हणून त्याला थोडी मऊ गादी मानवते. पालथे झोपणाऱ्याचे ओटीपोट मात्र मऊ गादीत खचून कमरेचा बाक वाढतो, तेव्हा त्याला कडक गादीच हवी. उताणे झोपल्यावर कमरेखालून हात अगदी सहज आरपार जात असेल, तर गादी बहुधा अधिक कडक आहे.

पाठदुखीवर कठीण बिछानाच उत्तम, हा समज खोल रुजलेला आहे. परंतु ‘द लॅन्सेट’मध्ये 2003 साली प्रसिद्ध झालेल्या, स्पेनमधील 313 रुग्णांच्या चाचणीत 90 दिवसांनंतर मध्यम कडक गादीच अधिक लाभदायक ठरली. कापसाची गादी दबून गुठळ्या झाल्यास नवी घेण्याआधी ती पिंजाऱ्याकडून पुन्हा भरून घ्यावी.