भिंतीची ओल : आधी कारण, मग रंग

दिवाळी जवळ आली, की जुन्या घरांत एक काम हमखास निघते : पोपडे आलेल्या भिंतीला रंग देण्याचे. रंगारी येतो, भिंत खरवडतो, लांबी भरतो, ऑइलपेंटचे दोन हात देतो. दिवाळीत भिंत झकास दिसते आणि पुढच्या श्रावणात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! पैसे जातात ते वेगळेच. पण ओलीवर धरलेल्या बुरशीने मुलांचा खोकला आणि वडीलधाऱ्यांचा दमा बळावतो, त्याचं काय?

तेव्हा मैत्रिणींनो, रंगाऱ्याला बोलावण्याआधी पाणी येतं कुठून ते शोधा.

जमिनीपासून साधारण कंबरेपर्यंतच ओल असेल आणि तिथे पांढरा लोणा फुटत असेल, तर पाणी खालून चढत आहे. वात तेल ओढते, तशी वीट किंवा चिरा पाणी ओढतो. बाहेर जाऊन पाहा. भर पडून पडून अंगण जोत्याच्या वर आलेलं नाही ना? कुंड्या, धुण्याचा दगड भिंतीला खेटून नाहीत ना? माती जोत्याच्या वीतभर खाली घ्या, पाण्याला भिंतीपासून दूर उतार द्या. लोणा कोरड्या ब्रशने झाडून काढा. धुतलात तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीतच मुरतात.

डाग भिंतीच्या वरच्या अंगाला असेल, पावसात वाढून उन्हाळ्यात वाळत असेल, तर फुटलेलं कौल, तुंबलेली पन्हळ, गच्चीचा तडा किंवा भिंतीत रुजलेलं पिंपळाचं रोप शोधा.

भर उन्हाळ्यातही ओल हटत नसेल, तर संशय नळावर आणि मोरीवर. रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा टिपून ठेवा. सकाळी तो पुढे गेला असेल, तर नळ कुठेतरी गळतो आहे. मोरीत रंग कालवलेलं पाणी ओता; पलीकडच्या भिंतीवर रंग उमटला, तर फरशीचे सांधे सुटले आहेत.

तरीही उलगडा होत नसेल, तर पोळ्या गुंडाळायच्या अॅल्युमिनियमच्या कागदाचा चौकोन चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवा. दोन दिवसांनी त्याच्या मागे पाणी दिसलं, तर ओल भिंतीतली. पुढे दिसलं, तर ती खोलीतल्या हवेतली वाफ. मग खिडक्या उघड्या ठेवा, ओले कपडे खोलीत वाळत घालू नका, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.

गवंडी बहुधा म्हणेल, "ताई, सिमेंटचा गिलावा मारू, ओल बंद!" चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीला हे मानवत नाही. आत कोंडलेलं पाणी आणखी वर चढतं आणि तुळयांची टोकं कुजवतं. तिथे चुन्याचाच गिलावा आणि चुन्याचाच रंग बरा, म्हणजे ओल बाहेर पडायला वाट राहते.

आणि एक. ओल्या भिंतीत बटणांचा बोर्ड असेल, तर त्याला हात लावू नका. मेन स्विच बंद करून आधी वायरमनला बोलवा.

कारण दूर केल्यावरही जाड भिंत वाळायला कित्येक महिने लागतात. पाऊस सरल्यावर दुरुस्ती करा, हिवाळा-उन्हाळा भिंतीला वारा लागू द्या, पुढचा पावसाळा पारखा. मग रंग. एक दिवाळी भिंत बिनरंगाची राहिली, तर पाहुणे काही परत जात नाहीत!