‘अनफिट’ शेऱ्यानंतरचे 42 दिवस

रिसाला, तोफखाना, पलटण, पेन्शनपुरा ही हिंगोली शहरातल्या मोहल्ल्यांची नावं. निजामाच्या काळात इथं लष्करी छावणी होती. ती केव्हाच उठली, नावं तेवढी राहिली. वर्दीची ओढही राहिली असावी. राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 12 इथलाच, आणि भरतीची कुणकुण लागली की पहाटे डांबरी रस्त्याच्या कडेनं पळणारी पोरं दिसू लागतात.

या पोरांचा सगळा जीव ‘ग्राउंड’मध्ये असतो. राखीव बलासाठी 5 किलोमीटर धावायचं; जिल्हा पोलिसासाठी मुलांना 1600 मीटर, मुलींना 800; शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक. अग्निवीर भरतीत 1.6 किलोमीटर साडेपाच मिनिटांत मारलं तर पैकीच्या पैकी 60 गुण. त्या दिवशी पोटरीत गोळा आला, तर पुढच्या भरतीची वाट बघायची. स्टॉपवॉचपुढं अपील चालत नाही.

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, म्हणजे एनडीएची, वाट निराळी आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाची 900 गुणांची लेखी परीक्षा, मग एसएसबीची, म्हणजे सेवा निवड मंडळाची, 900 गुणांची मुलाखत, ती चांगली पाच दिवस चालते. धावण्याला स्वतंत्र गुण नाहीत. 15 मिनिटांत 2.4 किलोमीटर, किमान 20 जोर, 8 चिन-अप्स एवढी तयारी करून या, असं आयोग सांगतो. अडतं ते पुढं, लष्करी डॉक्टरांच्या टेबलाशी.

मेडिकलला गुण नसतात. तरी तिथं ‘अनफिट’ शेरा पडला, तर गुणवत्ता यादीतलं नावही कामाला येत नाही. घरचे समजतात, संपलं. गावाकडं या शेऱ्याची धास्ती एवढी, की कागदावर नेमकं काय लिहिलंय, तेही कुणी धड वाचत नाही. खरं तर शेरे दोन प्रकारचे असतात, तात्पुरता आणि कायमचा, आणि पहिल्या तपासणीनंतर अपील मेडिकल बोर्डाकडं दाद मागता येते. त्यासाठी मुदत 42 दिवसांची. तिथंही कायमचं अपात्र ठरवलं, तर रिव्ह्यू बोर्डाची मागणी करता येते. मात्र ते मिळेलच असं नाही, तो हक्क नव्हे.

हे 42 दिवस कुणाला पुरतात? कानातला मळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं काही मिनिटांत निघतो. थोडं वाढलेलं वजन नेटानं उतरवता येतं. पण नाकाचं वाकडं हाड, हायड्रोसिल, मूळव्याध यांवर शस्त्रक्रिया करून जखम भरून येईपर्यंत मुदत हातातून निसटू शकते. म्हणूनच एसएसबीला जाण्याआधी शरीराची तपासणी करून घ्या, असं आयोग उमेदवारांना बजावतो आणि नेमक्या याच तक्रारी नावानिशी सांगतो. धावण्याच्या बुटांसाठी घरात पैसे निघतात, या तपासणीसाठी सहसा निघत नाहीत. परीक्षा वर्षातून दोनदा होते हे खरं, पण वयाची खिडकी साडेसोळा ते साडेएकोणीस एवढीच. तीन वर्षांत संधी तरी किती यायच्या!

छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था 1977 पासून मुलांची एनडीएसाठी तयारी करून घेते. तिथं दहावीनंतरच दाखल व्हायचं असल्यानं शरीरातल्या उणिवा हेरायला दोन वर्षं हाताशी असतात. बारावीला आल्यावर जागं होणाऱ्याला तेवढी सवड नसते.

वैमानिक व्हायचं असेल तर मामला आणखी कडक. हवाई दलाची संगणकावरची वैमानिक निवड चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. त्यात नापास झालेल्याला सैन्याची बाकी दारं उघडी राहतात, विमानाचं मात्र कायमचं मिटतं.

प्रबोधिनीत पोचल्यावरही चाचण्या सुटत नाहीत. तिथं धावणं, दोर चढणं यांत कमी पडलेल्या कॅडेटला फेरचाचणी मिळते. वारंवार मागं पडला तर त्याला एक सत्र खाली उतरवतात. मग तीन वर्षांचं प्रशिक्षण साडेतीन वर्षांचं होतं.